दुखणाइताचा शिधा

प्रकाशा गावाच्या पलीकडील एका पाड्यावर सेवा करणाऱ्या उपदेशकबंधूने आम्हास एक प्रश्न लिहून पाठविला आहे. प्रश्न दिसावयास साधा आहे, परंतु त्याचे उत्तर लिहिण्यास आम्हास बरेच दिवस लागले. ते लिहितात की, त्यांच्या मंडळीने एका क्षयी मनुष्यास महिन्याच्या महिन्यास डाळ, शेंगदाणे, तेल व अंडी देण्याचे ठरविले. दोन महिने लोटल्यावर असे आढळून आले की, त्यातील बहुतेक त्याची मुलेच खातात. आता मंडळीतील वडील म्हणतात, दान ज्यासाठी दिले त्याच्या मुखी पडत नसेल तर ते वाया गेले. तेव्हा हा शिधा चालू ठेवावा की बंद करावा?

या प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी आपण ज्या मुलखात राहतो तो एकदा डोळ्यांपुढे आणावा. प्रकाशा येथे तापी व गोमाई यांचा संगम आहे, आणि दक्षिण काशी म्हणून त्या स्थळाचा लौकिक असल्यामुळे यात्रेकरूंची ये-जा तेथे नित्य चालू असते. आमचे हिंदू शेजारी तेथे येणाऱ्या भुकेल्यास अन्न घालतात, आणि ते पाहून आम्हास संतोषच वाटतो. परंतु दारी आलेल्यास अन्न घालणे निराळे, आणि जो अंथरुणावरून उठून दारी येऊ शकत नाही त्याच्याकडे अन्न पोहोचविणे निराळे. पहिल्याची भूक एका जेवणाने शमते व देणाऱ्याचे मनही त्याच दिवशी तृप्त होते. दुसऱ्यास आज द्यावे लागते, उद्या द्यावे लागते, सहा महिन्यांनीही द्यावे लागते, आणि कित्येक दुखण्यांत जन्मभर द्यावे लागते. शिवाय आमच्या भागातील भूक चटकन दृष्टीस पडत नाही. शहादे तालुक्यात ऊस, केळी व पपई यांचे मळे हिरवेगार उभे आहेत. प्रकाशा येथे बंधाऱ्यात तापीचे पाणी अडलेले आहे. आणि त्याच मळ्यांत राबणाऱ्याच्या घरी भाकरीस लावावयास मिरचीच्या ठेच्यापलीकडे काही नसते. दुरून येणारा पाहुणा रस्त्याच्या दोन्ही बाजूंची हिरवळ पाहतो आणि हा मुलूख सुखी आहे असे म्हणून निघून जातो.

उपदेशकबंधूंचा प्रश्न आम्हास नवा नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आम्ही स्वतः त्याचे उत्तर दिले होते, आणि ते चुकीचे दिले होते. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढे लिहिणे आम्हास योग्य वाटत नाही.

ऊसतोडणीवरून खोकत परत आलेला एक तिशीतील गृहस्थ आमच्या मंडळीत होता. वजन एकोणचाळीस किलो. घरी म्हातारी आई, बायको व तीन मुले. सरकारी दवाखान्याने क्षय ठरवून औषध सुरू केले आणि आम्ही मंडळीतर्फे शिधा सुरू केला. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस त्याचे वजन होते तेवढेच राहिले. चौकशी करता कळले की, अंडी मुलांनी खाल्ली व दाण्यांचे कूट सगळ्यांच्या कालवणात गेले. त्या काळी क्षयाची गोळी रोग्यास देखरेख करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घ्यावी लागत असे. तेव्हा आमच्यापैकी एकाने सुचविले की, गोळी डोळ्यांदेखत गिळवितात तर अंडेही डोळ्यांदेखत खाववावे. ही सूचना आम्हास मोठी शहाणपणाची वाटली. रोज सकाळी त्याने आमच्या ओसरीवर येऊन बसावे, आमच्या देखत खावे आणि मग घरी जावे, असे ठरले.

तो चार दिवस आला. पाचव्या दिवशी आला नाही. आम्ही त्याच्या झोपडीत गेलो तेव्हा तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजला होता. पुष्कळ वेळाने म्हणाला, “पाळकसाहेब, तुमच्याकडे अंडं खाऊन मी घरी येतो, आणि धाकटी माझ्या तोंडाचा वास घेते.”

आम्ही त्यास उपदेश केला. बाप जगला तरच मुले जगतील, म्हणून मुलांच्या हितासाठीच बापाने आपला वाटा खावा, असे आम्ही त्यास नीट समजावून सांगितले. आम्ही जे बोललो त्यात एक शब्दही असत्य नव्हता. तो ऐकत राहिला, पण आला नाही. आणि पुढल्या महिन्यापासून, नेमाप्रमाणे वागत नाही या कारणावरून, मंडळीने त्याचा शिधा बंद केला. आम्हीच त्या ठरावावर सही केली. औषध त्याने पुरे केले व तो बरा झाला. दीड वर्षाने त्याच्या मधल्या मुलीस, दहा वर्षांच्या, त्याच रोगाने धरले. ती वाचली, तिची शाळा मात्र कायमची सुटली. शिधा चालू राहिला असता तर हे टळले असते काय, हे त्या एका मुलीविषयी निश्चयाने कोणीच सांगू शकणार नाही. परंतु त्यानंतर जे ज्ञान उपलब्ध झाले आहे त्यामुळे आम्हास त्या ठरावाची आठवण पूर्वीपेक्षा अधिक टोचू लागली आहे.

ते ज्ञान कोणते, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. क्षयावर औषध नव्हते त्या काळी चांगले अन्न, विसावा व मोकळी हवा हेच औषध होते. मिशनांनी मदनपल्लीजवळ आरोग्यवरम् येथे व आपल्याकडे मिरजेजवळ वान्लेसवाडी येथे क्षयरोग्यांसाठी जी आरोग्यधामे उभारली, तेथे दूध, अंडी व सकस जेवण हा उपचाराचा मोठा भाग होता. पुढे खरी औषधे निघाली. तेव्हा १९५६ साली मद्रास येथे एक प्रयोग सुरू झाला. शहरातील १९३ गरीब रोग्यांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच ठेवले, आणि औषध दोघांनाही सारखेच दिले. आरोग्यधामात अन्न उत्तम होते. घरी जे होते तेच होते. वर्षअखेरीस पाहतात तो दोन्हीकडील रोगी जवळजवळ सारखेच बरे झालेले! १९५९ साली हे प्रसिद्ध झाले आणि जगभर क्षयाच्या उपचाराची रीत पालटली. खाटेची वाट पाहत मरणाऱ्या लाखो गरिबांना औषध घरी मिळू लागले, ही केवढी मोठी कृपा झाली! मद्रासच्या डॉक्टरांनी जे पाहिले ते खरेच होते. परंतु त्यांच्या निष्कर्षाचा सोयीचा अर्थ असा रूढ झाला की, औषध मिळाले म्हणजे झाले, अन्न ही गौण गोष्ट होय. गोळी मोजून देता येते, वहीत लिहिता येते. भाकरीचा हिशेब अवघड. पुढे कित्येक दशके क्षयाच्या कार्यक्रमात अन्नाची गोष्ट मागेच राहिली.

याइराची मुलगी उठून चालू लागल्यावर प्रभूने घरच्या माणसांस तिला काही खावयास देण्याविषयी सांगितले, हे मार्काने नमूद करून ठेविले आहे. चमत्कार झाल्यावरही जेवणाची आठवण ठेवावी लागली. औषधाच्या चमत्काराने दिपलेल्या आम्हा लोकांस मात्र ती फार उशिरा झाली.

झारखंडातील चार जिल्ह्यांत डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा प्रयोग केला. त्याचे निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाले. तेथेही पुष्कळ लोक आमच्या भिल्ल व पावरा बांधवांसारखे आदिवासी, मजुरीवर पोट भरणारे. २,८०० क्षयरोगी व त्यांच्या घरची १०,३४५ माणसे या प्रयोगात होती. प्रत्येक रोग्यास औषधाबरोबर दर महिन्यास सुमारे १० किलो शिधा मिळे: तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी, तेल, आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. परंतु प्रयोगातील मुख्य प्रश्न रोग्याविषयी नव्हता. तो त्याच्या घरच्यांविषयी होता. काही घरांत शिधा फक्त रोग्यालाच दिला. उरलेल्या घरांत रोग्याच्या शिध्याशिवाय घरातील प्रत्येक मोठ्या माणसामागे महिन्यास ५ किलो तांदूळ व दीड किलो डाळ, आणि लहानांस त्या मानाने, असे दिले. नंतर कोणाच्या घरी रोग पसरतो हे पाहत राहिले.

ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तेथे घरच्या माणसांस क्षय होण्याचे प्रमाण शेकडा ३९ ने कमी झाले. आणि थुंकी वगैरे तपासून ज्याची खात्री होते त्या संसर्गजन्य जातीचा क्षय तर शेकडा ४८ ने कमी झाला. कोणतीही लस टोचली नव्हती, कोणतेही नवे औषध दिले नव्हते. तांदूळ आणि डाळ! रोग्यांविषयीही एक गोष्ट कळली. त्या रोग्यांपैकी पाचांत चार जण कृश होते. परंतु पहिल्या दोन महिन्यांत ज्याचे वजन शेकडा ५ ने वाढले, म्हणजे चाळीस किलोच्या माणसाचे केवळ दोन किलोने, त्यास मरणाचे भय शेकडा ६१ ने कमी होते.

आता आपण उपदेशकबंधूंच्या प्रश्नाकडे परत येऊ. वडील म्हणतात, मुलांनी खाल्ले ते वाया गेले. हे म्हणणे कोठून आले? आम्हास वाटते, ते औषधावरून आले. औषध एकट्याचे असते. बापाची गोळी मुलाने खाल्ली तर गोळी वाया जाते व मुलास अपायही होतो. अन्नाचे तसे नाही. एका चुलीवर शिजलेले अन्न एकट्याचे कधीच नसते. आणि क्षयासारख्या रोगात तर बापाबरोबर जी मुले एका छपराखाली श्वास घेतात, ती आज निरोगी दिसली तरी रोगाच्या उंबरठ्यावरच बसलेली असतात. त्यांच्या पोटात गेलेले अंडे वाया गेले नाही. ते जेथे जावयाचे तेथेच गेले. आम्ही पंधरा वर्षांपूर्वी ज्यास अप्रामाणिकपणा म्हटले, तो बाप नकळत आपल्या मुलांभोवती कुंपण घालीत होता.

येथे मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आम्हा प्रवचनकारांस त्यागाच्या गोष्टी फार आवडतात. उपाशी राहून मुलांना घास देणाऱ्या बापाची स्तुती करावी, सर्वांच्या डोळ्यांत पाणी आणावे आणि घरी जावे, हे फार सोपे आहे. परंतु तो बाप वजन न वाढल्यामुळे मेला तर ती मुले पोरकी होतात. तेव्हा त्याने आपला वाटा खाल्ला पाहिजे, हे आमचे त्या दिवशीचे म्हणणे आजही खरेच आहे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मग चूक कोठे होती? चूक टोपलीच्या आकारात होती. आम्ही एका माणसापुरते अन्न सहा माणसांच्या घरात ठेवले, आणि आता तू निवड कर असे त्या दुखणाइतास सांगितले. आणि त्याने बापासारखी निवड केली तेव्हा त्यावर नेम मोडल्याचा आरोप ठेवला. ज्या दानामुळे घेणाऱ्यास आपले पोट व आपले लेकरू यांत निवड करावी लागते, ते दान अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणाचा दोष देणाऱ्याचा आहे.

यावर कोणी म्हणेल, आमची मंडळी गरीब. एका रोग्यास पुरविणे कठीण, तेथे सबंध घर कसे पोसावे? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. परंतु सबंध घर पोसावयाचे नाहीच. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे शिधापत्रिकेवर माणशी महिना ५ किलो धान्य मिळते, अंत्योदय कुटुंबास ३५ किलो, आणि २०२३ पासून ते विनामूल्य आहे. त्याने पोट भरते. पण त्यात डाळ नाही, तेल नाही, अंडे नाही. एवढीच उणीव आपण भरून काढावयाची आहे. क्षयरोग्यास सरकार २०१८ पासून महिना ५०० रुपये पोषणासाठी देत होते, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. दिवसास तेहतीस रुपये म्हणजे चार-पाच अंडी. आणि ज्या मनुष्याची मजुरी बंद पडली आहे त्याच्या घरी त्या पैशांचे आधी मीठमिरची व दुकानदाराची उधारी होते. तरीही ती रक्कम मोलाची आहे. ती बँकेच्या खात्यात येते, आणि खाते नीट जोडलेले नसल्यामुळे कित्येकांस मिळत नाही. उपदेशकांनी आशाताईंबरोबर बसून हे एक काम केले तरी मोठी सेवा होईल. तसेच २०२२ च्या सप्टेंबरापासून निक्षय मित्र या नावाने कोणीही व्यक्ती वा संस्था रोग्यास शिध्याची टोपली देण्याचे पत्करू शकते, आणि पुढे या योजनेत घरच्या माणसांचाही समावेश झाला आहे. मंडळीने तेथे नाव नोंदवावे. दोन रोगी असून एकाच घरापुरते धान्य असेल तर काय करावे, असेही कोणी विचारील. आमचे मत, एका घरास पुरते द्यावे व दुसऱ्यासाठी शेजारच्या मंडळीचे दार ठोठवावे. दोघांना अर्धे अर्धे देऊन दोन घरांत तीच पंचाईत उभी करू नये. हे मत सर्वांस पटणार नाही, हे आम्ही जाणतो.

दुसरा एक आक्षेप दबक्या आवाजात येतो: अमका दारू पितो, त्यास का द्यावे? आम्ही विचारतो, त्याची बायको पिते काय? मुले पितात काय? शिधा घरास द्यावयाचा म्हटले म्हणजे हा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो. तो बायकोच्या हाती द्यावा.

आणि तिसरी गोष्ट, जी आमच्याच घरची आहे. शिधा घेणारे घर रविवारी उपासनेस येते की नाही, हे पाहू नये. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनांनी पुष्कळांचे प्राण वाचविले, परंतु भाकरीसाठी धर्म हा डाग तेव्हापासून आमच्या पूर्वजांस चिकटला व अजून पुरता पुसला नाही. त्यांतील बहुतेकांवर तो अन्यायाने लागला. आज आपण दुखणाइताच्या डाळीवर हजेरीचा शिक्का मारू तर तो न्यायाने लागेल. जो आमच्या मंडळीचा नाही, ज्याचा आमच्या मंडळीत येण्याचा विचारही नाही, त्याच्याही घरी त्याच मापाने द्यावे. टोपलीसह रोग्यास उभे करून छायाचित्र काढण्याची जी रीत सर्वत्र पडली आहे तीही आम्हास आवडत नाही. हिशेबासाठी वहीतील अंगठा पुरे.

इतर जुनाट दुखण्यांविषयी थोडे. मधुमेह आता पाड्यांवरही आला आहे. त्या रोग्यास भेटावयास जाताना बिस्किटे, साखर वा फळांचा रस नेणे म्हणजे प्रेमाने अपाय करणे होय. तेथे डाळ, पालेभाजी व दाणे न्यावेत. क्षयाबरोबर मधुमेहही असेल तर गूळ वगळावा व डॉक्टरांस विचारावे. आमच्या आदिवासी बंधूंत सिकलसेलचा रोग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. अन्नाने तो बरा होत नाही. परंतु सिकलसेलचे मूल उपाशी व तहानेले राहिले तर त्याचे हाल होतात, म्हणून त्याच्या घरी पाण्याचा माठ व डाळीचा डबा रिकामा नसावा, एवढे तरी पाहावे. डब्यांतून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक भुकट्यांस मंडळीचा पैसा घालू नये. त्याच पैशांत शेंगदाणे किती येतात ते बाजारात विचारून पाहावे.

उपदेशकबंधूंस आमचे उत्तर असे की, शिधा बंद करू नका, वाढवा. आमच्या मंडळीत आता बाया स्वयंपाकापूर्वी एक मूठ डाळ वा ज्वारी वेगळी काढून ठेवतात व शनिवारी ती एका डब्यात जमा होते. अंडी ज्यांच्या कोंबड्या आहेत ते देतात. तेल व दाणे वर्गणीतून येतात. पहिल्या महिन्यात डबा ओसंडून वाहतो. तिसऱ्या महिन्यात अर्धा भरतो. पाचव्या महिन्यात, म्हणजे रोगी हिंडूफिरू लागतो तेव्हा, डब्याचा तळ दिसू लागतो, आणि त्या वेळी आम्हास घरोघरी जावे लागते. याविषयी आम्ही कोणास बोल लावीत नाही. आमच्या स्वतःच्या घरची मूठही त्याच महिन्यात लहान होते, हे आमच्या पत्नीने आम्हास दाखवून दिले आहे.

एक अडचण मात्र आमच्याने अजून सुटलेली नाही. दिवाळी झाली की मुकादम येतो, आणि उचल घेतलेली घरेच्या घरे गाडीत बसून गुजरातेत ऊस तोडावयास जातात. औषध त्यांच्यामागे जाते. येथील दवाखाना तेथील दवाखान्यास कळवितो. शिधा जात नाही. गेल्या वर्षी आम्ही बारडोलीकडील एका मंडळीस पत्र लिहिले. त्या बांधवांनी दोन महिने आनंदाने शिधा दिला. मग टोळी दुसऱ्या फडावर हलली व पुढे पत्ता लागला नाही. फाल्गुनात घर परत आले तेव्हा बापाचे वजन दीड किलोने उतरले होते आणि धाकटा मुलगा खोकत होता. तपासणीत त्यास क्षय नाही असे निघाले. यंदा ते घर निघण्यापूर्वी दोन महिन्यांची डाळ व दाणे बांधून त्यांच्या बोचक्यात द्यावे, असे आमचे म्हणणे आहे. वडिलांपैकी दोघे म्हणतात, वाटेत विकून टाकतील. येत्या रविवारी उपासनेनंतर त्याचा निर्णय व्हावयाचा आहे.